आखडलेल्या मानेला हालचाल हवी असते

मान आखडली की ती हलू द्यायची नाही, अशी आपली पहिली प्रतिक्रिया असते. बाजूला पाहायचे झाले तर आपण सगळे धड वळवतो, अंथरुणातून उठताना डोक्याला हाताचा आधार देतो आणि दुखणे पूर्ण जाईपर्यंत मानेला जितके जपता येईल तितके जपतो. पहिले एक-दोन दिवस हे अगदी स्वाभाविक आहे. मात्र मुद्रितशोधनाच्या कामामुळे मी अनेक वर्षे मानेच्या दुखण्याबरोबर काढली आहेत, त्या काळात या विषयावर बरेच वाचले आहे आणि एका जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून शिकतही आले आहे. त्यातून माझे ठाम मत झाले आहे, की हे जपणे जितके लांबते तितके दुखणेही लांबते. ज्यामागे इजा किंवा गंभीर आजार नाही अशा साध्या मानदुखीत मानेला आधी हालचाल हवी असते आणि मग ताकद. मानेला बांधायचे पट्टे, महागड्या उशा, मालिश आणि गोळ्या यांपैकी काहीही त्या दोन गोष्टींची जागा घेऊ शकत नाही.

हे का, ते समजण्यासाठी मानेची रचना थोडी माहीत असावी लागते. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके दिवसभर तोललेले असते. सर्वांत वरचे दोन मणके बाकीच्या मणक्यांहून वेगळे आहेत. बाकीच्या मणक्यांमध्ये असते तशी मऊ गादी (डिस्क) त्यांच्यामध्ये नसते, आणि पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या एका उंचवट्याभोवती फिरतो. आपण डोके डावी-उजवीकडे वळवतो, त्यातले जवळपास निम्मे वळणे या एकाच सांध्यात होते. उरलेले खालच्या मणक्यांमध्ये थोडे थोडे वाटले जाते. खालच्या भागात, विशेषतः पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या जोड्यांमध्ये, वयाबरोबर होणारी झीज सर्वाधिक दिसते. या सगळ्याला धरून ठेवणारे आणि हलवणारे स्नायू अनेक थरांत रचलेले आहेत. त्यांपैकी एक स्नायू वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या पात्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्याला जाऊन मिळतो. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळेनाशी होते आणि "नेमके कुठे दुखते" असे कुणी विचारले, तर बहुतेकांचे बोट बरोबर या कोपऱ्यावर जाते.

अशा वेळी मानेत नेमके काय बिघडले, हे पुष्कळदा तपासणीनंतरही निश्चित सांगता येत नाही. मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारा एखादा छोटा सांधा चिडलेला असू शकतो, एखादा स्नायू ताणला गेलेला असू शकतो. कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया सारखीच असते: आजूबाजूचे स्नायू आकसतात आणि त्या भागाची हालचाल रोखून धरतात. हा बचावच आपल्याला ताठरपणा म्हणून जाणवतो. तो काही काळ उपयोगी असतो, पण आकसलेले स्नायू स्वतःच दुखू लागतात, दुखल्यामुळे आपण आणखी कमी हलतो आणि कमी हलल्यामुळे ते आणखी आकसतात. हे चक्र सावकाश, न भिता केलेल्या हालचालीनेच सैल होते.

म्हणून मान अचानक धरली की मी काय करते, ते सांगते. सर्वप्रथम शेक घेते. पंधरा-वीस मिनिटे, मध्ये कापड ठेवून, सहन होईल इतकाच गरम; शेकाच्या पिशवीवर डोके ठेवून झोपी जाणे टाळावे, कारण त्यातून त्वचा भाजू शकते. शेकामुळे स्नायू थोडे सैलावले की पाठीवर उताणे पडून, डोके उशीवरून न उचलता, ते हळूहळू एका बाजूला फिरवायचे. जिथे दुखायला सुरुवात होते तिथे क्षणभर थांबायचे, श्वास सोडायचा आणि परत मध्यावर यायचे. मग दुसरी बाजू. डोक्याचा भार उशीवर असल्यामुळे स्नायूंना वजन पेलावे लागत नाही आणि बसून जितकी वळत नाही तितकी मान पडल्या पडल्या वळते. दिवसातून दर एक-दोन तासांनी अशा थोड्या आवर्तनांनी, एका मोठ्या व्यायामसत्रापेक्षा अधिक गुण येतो असा माझा अनुभव आहे. वेदनाशामक गोळी लागली तर घ्यावी, कारण दुखणे कमी झाल्याशिवाय हालचाल सुरूच होत नसेल तर गोळीचा उपयोग तेवढ्यासाठी आहे. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा उच्च रक्तदाब आहे, किंवा जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी दाहशामक (आयब्युप्रोफेनसारखी) गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. साधी आखडलेली मान बहुधा काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत मोकळी होते.

मानेच्या पट्ट्याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी सांगितलेला पट्टा ही वेगळी बाब आहे, आणि तिथे त्यांचेच ऐकावे. पण साध्या दुखण्यासाठी स्वतःहून विकत आणलेला आणि आठवडेच्या आठवडे घातलेला पट्टा स्नायूंचे काम स्वतःकडे घेतो आणि स्नायू दुबळे करतो. वाहनाच्या धडकेत मानेला हिसका बसलेल्या रुग्णांविषयी कॅनडातील क्युबेक प्रांताच्या तज्ज्ञगटाने १९९५ साली सविस्तर अहवाल दिला, तेव्हाही त्याचा रोख असाच होता: दीर्घ विश्रांती आणि पट्टा यांच्यापेक्षा लवकरात लवकर नेहमीच्या हालचालींकडे परतणे हिताचे. हिसका बसलेल्या मानेला हे लागू पडते, तर रात्री वेडीवाकडी झोप झाल्यामुळे धरलेल्या मानेला ते अधिकच लागू पडते.

तितक्याच स्पष्टपणे एक सावधगिरीही सांगते. मान हातात धरून झटक्याने फिरवणे, कटकन आवाज काढणे हे प्रशिक्षण नसलेल्या माणसाकडून कधीही करून घेऊ नये. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात, आणि अचानक जोराच्या पिळामुळे त्यांचे आतले अस्तर फाटू शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर त्याचे पर्यवसान पक्षाघातात होऊ शकते. आवाज आल्यावर वाटणारा क्षणभराचा मोकळेपणा आणि हा धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आता भीतीविषयी, कारण माझ्या मते मानदुखी जुनाट होण्यात तिचा वाटा मोठा आहे. दुखणे थोडे लांबले की एमआरआय काढली जाते आणि अहवालात गादी फुगली आहे, मणक्यांची झीज झाली आहे, दोन मणक्यांतील अंतर कमी झाले आहे असे लिहून येते. अहवाल हातात पडल्यापासून माणूस स्वतःला ठिसूळ समजू लागतो, वजन उचलत नाही, मागे वळून पाहत नाही, व्यायाम सोडून देतो. अशा प्रत्येकाला मला जपानमधील एका अभ्यासाविषयी सांगावेसे वाटते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानेचे कोणतेही दुखणे नसलेल्या १,२११ व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली, आणि विशीतल्या तरुणांमध्येही हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश होते. या माणसांची मान दुखत नव्हती. म्हणजे चित्रात दिसणारी फुगलेली गादी हीच दुखण्याचे कारण आहे, असे केवळ चित्रावरून म्हणता येत नाही. केस पिकावेत तशी वयाबरोबर गाद्यांमध्येही फरक पडत जातो. अहवालाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. हातात शक्ती नसणे, बधिरता, चालण्यातील बदल अशा लक्षणांशी तो जुळत असेल तर त्याचे महत्त्व फार मोठे आहे. पण लक्षणांशिवाय वाचलेला अहवाल बहुतेक वेळा केवळ धास्ती देतो.

लक्षणांचा उल्लेख आला आहे, तेव्हा घरगुती उपाय थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचे, हेही इथेच लिहिते. अपघात, पडणे किंवा डोक्यावर आघात झाल्यानंतर मान दुखू लागली, तर ती हलवून पाहू नये. ताप, तीव्र डोकेदुखी, उजेड सहन न होणे आणि हनुवटी छातीकडे नेताच येऊ नये इतकी ताठ मान हे मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. मानेत पूर्वी कधीही न झालेली तीव्र कळ अचानक उठली आणि तिच्याबरोबर चक्कर, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलताना जीभ जड होणे किंवा चेहरा वाकडा होणे असे काही असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. मानेतून जबड्यात किंवा हातात जाणारे दुखणे, छातीवर दडपण, घाम आणि धाप यांच्यासह आले तर ते हृदयाचे असू शकते. याखेरीज एक प्रकार हळूहळू येतो आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो: सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागतात, अक्षर बिघडते, चालताना तोल जातो, पाय जड वाटतात, लघवीवरचा ताबा कमी होतो. यात मान फारशी दुखत नसली तरी मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते आणि विलंबामुळे झालेले नुकसान नेहमीच भरून येत नाही. कर्करोगाचा पूर्वेतिहास, विनाकारण घटणारे वजन, रात्री झोपू न देणारा सततचा ठणका, ठिसूळ हाडे, स्टिरॉइडचा दीर्घ वापर किंवा संधिवाताभ आजार (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्यांनीही मानदुखीवर स्वतः प्रयोग करू नयेत.

मानेतून हातात उतरणारी कळ हा या दोन टोकांच्या मधला प्रकार आहे. मणके सात असले तरी मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात, आणि कोणती नस दबली आहे याचा अंदाज मुंग्या कुठे येतात यावरून बांधता येतो: अंगठ्याकडे मुंग्या असतील तर बहुधा सहावी, मधल्या बोटात असतील तर सातवी, करंगळीकडे असतील तर आठवी. काहींना दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर ठेवल्याने आराम पडतो, कारण त्यामुळे नसेवरचा ताण कमी होतो. हे वाचून स्वतःचे निदान करावे असा माझा हेतू नाही; अशा दुखण्यात डॉक्टरांची तपासणी आवश्यकच आहे, आणि हाताची शक्ती कमी होत असेल तर तीही तातडीने. मात्र नस दबल्याचे ऐकून शस्त्रक्रियेच्या कल्पनेने हादरून जाण्याचे कारण नाही, कारण यातील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात.

आता ताकदीकडे वळते, कारण याच भागाकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. मान मोकळी झाली की आपल्याला प्रश्न संपल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात काम तिथून सुरू व्हायला हवे. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला मानेच्या आणि खांद्यांच्या ताकदीचे, दुसऱ्याला त्याच स्नायूंचा दम वाढवणारे हलके पण अधिक आवर्तनांचे व्यायाम दिले होते. तिसऱ्या गटाला ताण देण्याचे आणि चालण्या-धावण्यासारखे सर्वसाधारण व्यायाम करण्याचा सल्ला होता. वर्षाअखेर दुखण्यात बऱ्यापैकी किंवा संपूर्ण आराम पडल्याचे पहिल्या गटातील ७३ टक्के, दुसऱ्यातील ५९ टक्के आणि तिसऱ्यातील केवळ २१ टक्के स्त्रियांनी सांगितले. मान केवळ ताणत राहण्याने फारसे साधत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. "वेळ कुठून काढायचा" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डेन्मार्कमधील २०११ सालच्या अभ्यासात मिळते. तेथे वारंवार मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांपैकी काहींना रबरी पट्टीचा एकच व्यायाम रोज दोन मिनिटे आणि काहींना बारा मिनिटे करायला सांगितले होते. दहा आठवड्यांनंतर दोन मिनिटे करणाऱ्यांचे दुखणेही लक्षणीय कमी झाले होते. हा अभ्यास वाचल्यापासून वेळ नसल्याची सबब मी स्वतःला दिलेली नाही.

तो व्यायाम असा: पट्टीचा मध्य पायांखाली दाबून उभे राहायचे, दोन्ही टोके हातांत घ्यायची आणि कोपर किंचित वाकलेले ठेवून हात बाजूने, थोडे पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे व सावकाश खाली आणायचे. हा वरकरणी खांद्याचा व्यायाम आहे, परंतु मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत पसरलेले स्नायू यात काम करतात. त्याच्या जोडीला मी मानेच्या पुढच्या, खोलवरच्या स्नायूंचा व्यायाम करते. उताणे पडून, डोके न उचलता, जणू अगदी हळू "हो" म्हणायचे आहे अशी हनुवटी गळ्याकडे किंचित ओढायची, काही सेकंद धरायची आणि सोडायची. जोर लावायचा नाही. गळ्याच्या बाजूचे ठळक स्नायू दोरीसारखे वर येऊ लागले तर प्रयत्न जास्त होत आहे, असे समजावे. तिसरा प्रकार म्हणजे कपाळावर, मग डोक्यामागे आणि मग दोन्ही बाजूंना तळहात ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला सारखेच रेटायचे, म्हणजे मान जागची हलत नाही पण स्नायू काम करतात. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते, ते दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरले पाहिजे. दुखणे वाढत जाऊन टिकत असेल किंवा हातात मुंग्या येत असतील, तर भार कमी करावा आणि तज्ज्ञाला दाखवावे.

बसण्याच्या पद्धतीविषयी लोक सर्वाधिक बोलतात, म्हणून माझे मत सांगते, जरी ते प्रचलित मतापेक्षा थोडे निराळे असले तरी. २०१४ साली एका अस्थिशल्यविशारदांनी गणिती प्रारूपातून असे दाखवले, की डोके ६० अंश पुढे झुकले तर मानेवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. हा आकडा सर्वत्र पसरला आणि मोबाइल पाहणे म्हणजे मान मोडणे अशी धारणा झाली. परंतु हा भाराचा हिशेब आहे. त्यातून दुखणे होतेच असे सिद्ध होत नाही, आणि मान खाली वाकवणे ही तिची नैसर्गिक हालचाल आहे. मला जाचक वाटते ती अवस्थेची लांबी. मुद्रिते तपासताना मी मान वाकवून बसते म्हणून त्रास होत नाही, ती तशीच तासभर ठेवली की होतो. आणि अगदी आदर्श म्हणतात तसे ताठ बसून तासभर काढला तरीही होतोच. म्हणून मी दर अर्ध्या तासाने उठते, खांदे फिरवते, दोन्हीकडे वळून पाहते. मजकूर तिरप्या फळीवर ठेवते. पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला आणि अंतर साधारण हातभर, एवढे पाळले की पुरे. लॅपटॉपवर दीर्घकाळ काम असेल तर तो उंचावर ठेवून वेगळा कळफलक वापरावा. एक बाब मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे: जवळचे व दूरचे एकाच भिंगातून पाहायचा चष्मा ज्यांना असतो, ते भिंगाच्या खालच्या भागातून पडदा वाचण्यासाठी नकळत हनुवटी वर करून बसतात आणि दिवसअखेर मानेचा मागचा भाग भरून येतो. त्यांनी पडदा थोडा खाली घ्यावा किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. कितीही चांगली खुर्ची घेतली तरी हा त्रास ती दूर करू शकत नाही.

झोपेविषयी थोडक्यात: कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कान यांतील अंतर भरेल इतकी जाड उशी हवी, उताणे झोपणाऱ्याला त्याहून पातळ. पोटावर झोपल्यास मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, त्यामुळे ती सवय सोडता आली तर उत्तम. अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांनी दुखणे वाढते, यात मला शंका नाही. चिंतेत असताना आपण छातीच्या वरच्या भागातून उथळ श्वास घेतो आणि त्या श्वासाला मानेच्या बाजूचे स्नायू मदत करत राहतात, म्हणजे दिवसभर बसल्या जागीही ते राबत असतात.

हे सर्व पाळूनही मान पुन्हा कधीतरी दुखते, हे आधीच माहीत असलेले बरे. मानदुखीवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००८ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा एकदा मानदुखी झालेल्यांपैकी ५० ते ८५ टक्के लोकांना एक ते पाच वर्षांनंतरही ती असल्याचे दिसून आले. माझीही मान अधूनमधून धरते, विशेषतः कामाची घाई असते तेव्हा. त्या वेळी मी व्यायाम बंद करत नाही, पट्टी हलकी घेते आणि आवर्तने निम्मी करते. पडल्या पडल्या मान फिरवण्याचा प्रकार पुन्हा दिवसभरात विभागून करते. मान दोन्हीकडे सारखी वळू लागली की आठवडाभर हलक्या पट्टीवरच राहते, आणि मग पूर्वीच्या पट्टीकडे परतते.